विश्लेषण : उन्हाळ्यात यवतमाळच्या पाणवठ्यांवर वाघ, रोही, पक्षी जास्त का दिसतात? दिसले म्हणजे वाढले का?

मार्च संपत आला की आमच्या डिजिटल डेस्कच्या व्हॉट्सॲपवर एकाच प्रकारचे व्हिडीओ येऊ लागतात. शेततळ्यावर आलेला रोह्यांचा कळप, पहाटे रस्ता ओलांडणारे अस्वल, नाल्यातल्या डबक्यात बसलेला वाघ. सोबतचा मजकूरही ठरलेला असतो : ‘आमच्या शिवारात वाघ वाढले, बातमी लावा.’ मे महिन्यापर्यंत हे व्हिडीओ वाढत जातात आणि एक-दोन दमदार पाऊस झाले की जवळपास बंद होतात.

मग जूनमध्ये वाघ कमी झाले का? नाही. एप्रिलमध्ये वाढले होते का? बहुतेक वेळा त्याचेही उत्तर ‘नाही’ असेच असते. प्राण्यांची संख्या साधारण तीच राहते. बदलते ती त्यांची जागा आणि त्यांची फिरण्याची वेळ. हा फरक समजून घेणे महत्त्वाचे आहे. ‘वाघ वाढले’ असे गावाने मानले तर मागणी होते वाघ हलवण्याची. ‘पाणी आटले’ असे मानले तर मागणी होते पाणवठ्याची. निदान चुकले की उपायही चुकतो आणि त्याची किंमत पहाटे मोहफुले वेचायला जाणारी बाई, तेंदूपत्ता तोडणारा मजूर आणि तो प्राणी अशा तिघांनाही मोजावी लागते.

प्राणी जास्त दिसण्याची कारणे कोणती?

मुख्य कारणे तीन. पहिले पाणी. जिल्ह्याच्या एका बाजूने वर्धा आणि दक्षिणेकडून पैनगंगा वाहते. मध्ये अरुणावती, अडाण, बेंबळा, पूस, वाघाडी, खुनी अशा लहान-मोठ्या नद्या आहेत. पावसाळ्यात आणि त्यानंतर दोन-तीन महिने प्रत्येक नाल्यात, खडकातल्या खोलगट भागात पाणी असते. त्यामुळे प्राणी जंगलभर विखुरलेले असतात. फेब्रुवारीनंतर नाले तुटक होतात. वाहते पाणी थांबते, डबकी उरतात आणि नंतर डबकीही आटतात. चितळ, सांबर, चौशिंगा यांना रोजच्या रोज पाणी लागते. रोही म्हणजे नीलगाय आणि काळवीट पाण्याशिवाय थोडा अधिक काळ काढू शकतात. पण पारा ४४-४५ अंशांवर गेला की त्यांनाही पाण्याजवळ यावे लागते. तृणभक्षी जिथे जमतात तिथे बिबट्या आणि वाघ येणारच.

दुसरे कारण पानगळ. आपले जंगल शुष्क पानझडीचे, त्यात साग भरपूर. सप्टेंबरमध्ये दहा-पंधरा पावलांवरचे दिसत नाही अशी दाटी असते. एप्रिलमध्ये सागाच्या उघड्या काटक्यांमधून नजर पार नाल्यापर्यंत जाते. वाळलेल्या पाचोळ्यावर पाऊल पडले की आवाजही येतो. म्हणजे तोच प्राणी त्याच जागी असला तरी सप्टेंबरमध्ये तो दिसत नाही, एप्रिलमध्ये मात्र चटकन दिसतो.

तिसरे कारण माणसे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता यांसाठी गावेच्या गावे जंगलात असतात. सुट्या लागल्याने पर्यटकही वाढतात. पाहणारे डोळे वाढले आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, की नोंदी वाढतात.

यात वेळेचीही भर पडते. दुपारच्या झळांमध्ये बहुतेक प्राणी सावलीत निपचित पडून असतात. त्यांची सगळी धावपळ पहाटे, संध्याकाळी आणि रात्री होते. नेमक्या त्याच थंड वेळेत माणूसही शेतावर किंवा जंगलात जायला निघतो. दोघांची वाट आणि वेळ एकच होते.

टँकरच्या रांगेचे गणित काय?

हे सोपे करून सांगायचे तर यवतमाळकरांना दूर जायला नको. २०१८ च्या उन्हाळ्यात शहराने भीषण पाणीटंचाई अनुभवली. शहराला पाणी देणाऱ्या निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ गाठला होता. ज्यांनी तो उन्हाळा पाहिला त्यांना आठवत असेल, की टँकर आला की गल्लीतली सगळी माणसे एका ठिकाणी दिसायची. एरवी वर्षभर ज्यांचे तोंड दिसत नाही असे शेजारीही गुंड आणि बादल्या घेऊन हजर असायचे. ती गर्दी पाहून गल्लीची लोकसंख्या वाढली असे कोणी म्हटले नाही. नळ बंद आहेत, एवढाच त्याचा अर्थ होता.

पाणवठ्यावरची गर्दी म्हणजे जंगलातली टँकरची रांग. रांग जितकी मोठी तितके बाकीचे नळ कोरडे. म्हणून एखाद्या उन्हाळ्यात ‘दर्शन’ फार चांगले होत असेल, तर ती पर्यटकासाठी आनंदाची गोष्ट असली तरी जंगलासाठी बहुतेक वेळा ती टंचाईची खूण असते.

बुद्धपौर्णिमेची मोजणी म्हणजे गणना असते का?

वैशाख पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजण्याची पद्धत राज्यात जुनी आहे. यामागचा तर्क बरोबर होता. या दिवसांत पाणी कमीत कमी ठिकाणी असते, चांदणे लख्ख असते आणि २४ तासांत बहुतेक प्राण्यांना एकदा तरी पाण्यावर यावेच लागते. त्यामुळे सगळ्या पाणवठ्यांवर एकाच वेळी माणसे बसवली, तर जंगलाचा अंदाज येईल असे गृहीत धरले जाई.

अडचण आकडे काढताना येते. रात्री आठला आलेले सांबर पहाटे चारला पुन्हा आले तर ते दोन मोजले जाते. एकाच अस्वलाने दोन पाणवठे गाठले तर त्याची नोंद दोन मचाणांवर होते. ढग आले तर चांदणे जाते. आदल्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला असेल तर जंगलात जागोजागी पाणी साचते, प्राणी ठरलेल्या पाणवठ्यावर येतच नाहीत आणि आकडा एकदम घसरतो. प्राणी तेवढेच असतात, पण कागदावर ते ‘घटतात’.

म्हणूनच वन विभाग आता या उपक्रमाला प्रगणना म्हणत नाही, ‘निसर्गानुभव’ म्हणतो. लोकांना जंगलात एक रात्र काढता यावी, पाणवठ्यावर काय चालते ते पाहता यावे हा त्याचा उद्देश. तरीही दरवर्षी या रात्रीनंतर ‘अमुक अभयारण्यात इतके वाघ’ असे मथळे दिसतात. वाचताना एवढे लक्षात ठेवावे, की तो आकडा ‘इतक्या वेळा दिसले’ असा आहे. ‘इतके आहेत’ असा नाही.

मग वाघ मोजतात कसे?

पूर्वी पायाच्या ठशांवरून मोजत. राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे २००५ मध्ये उघड झाले आणि ठशांच्या पद्धतीवरचा विश्वास उडाला. त्यानंतर २००६ पासून दर चार वर्षांनी देशभर वैज्ञानिक पद्धतीने अंदाज काढला जातो. त्यात कॅमेरा ट्रॅप हे मुख्य साधन आहे. जंगलातल्या वाटांवर दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. प्राणी समोरून गेला की फोटो निघतो. प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. त्यामुळे एकच वाघ दहा वेळा टिपला गेला तरी तो एकच धरला जातो.

न टिपलेल्या वाघांचे काय? यासाठी साधे गणित आहे. समजा, पहिल्या फेरीत २० वेगवेगळे वाघ टिपले. दुसऱ्या फेरीतही २० टिपले आणि त्यातले १० पहिल्या फेरीतलेच निघाले. म्हणजे दुसऱ्या फेरीत दिसलेल्यांपैकी निम्मे ओळखीचे आहेत. याचा अर्थ पहिल्या फेरीत आपण एकूण वाघांपैकी साधारण निम्मे टिपले होते. निम्मे म्हणजे २०, तर एकूण ४० च्या आसपास. प्रत्यक्षातले सूत्र यापेक्षा बरेच गुंतागुंतीचे असते, पण मूळ विचार हाच.

या पद्धतीने महाराष्ट्रात २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ वाघांचा अंदाज आला. म्हणजे राज्यात वाघ खरोखर वाढले आहेत. पण ते आपल्याला या अभ्यासातून कळले. मे महिन्यातल्या व्हिडीओंवरून ते कळू शकत नाही.

टिपेश्वरचे नाव सारखे का येते?

पांढरकवडा परिसरातील टिपेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. क्षेत्रफळ १४८.६३ चौरस किलोमीटर. ताडोबा किंवा मेळघाटच्या तुलनेत हे जंगल लहान आहे आणि त्याच्या भोवती कापूस, तूर, सोयाबीनची शेती आहे. इथे वाघांची पैदास चांगली होते, पण वयात आलेल्या प्रत्येक नराला स्वतःचे क्षेत्र हवे असते आणि तेवढी जागा आत नाही. मग ते बाहेर पडतात.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे ‘वॉकर’. टिपेश्वरमध्ये जन्मलेल्या या नराला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. त्याच वर्षी जूनमध्ये तो बाहेर पडला आणि महाराष्ट्र-तेलंगणातील शेते, नाले, महामार्ग ओलांडत डिसेंबरच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. नोंद झालेले अंतर सुमारे ३,००० किलोमीटर. २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरचाच आणखी एक वाघ थेट धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात आढळला.

या प्रवासातून उन्हाळ्यापुरता घ्यायचा धडा असा, की अभयारण्याची हद्द नकाशावर असते. वाघ नाल्याच्या काठाने चालतो. नाल्याकाठच्या झुडपांत सावली असते, आडोसा असतो आणि कुठेतरी डबके असते. उन्हाळ्यात शेतातल्या नाल्यात वाघ दिसला, तर तो तिथे कायमचा राहायला आला आहे असे लगेच मानण्याचे कारण नाही. तो वाटसरूही असू शकतो.

पैनगंगा अभयारण्याचे चित्र थोडे वेगळे आहे. उमरखेड तालुका आणि नांदेड जिल्ह्याच्या सीमेवरच्या या जंगलाला नदीचा मोठा काठ लाभला आहे. पण मे महिन्यात पैनगंगेचे पात्रही कित्येक ठिकाणी कोरडे पडते आणि डोहांना महत्त्व येते. जिथे डोह टिकतो तिथे प्राणी टिकतात आणि काठावरच्या गावांची गुरेही तिथेच येतात.

पक्षी चोच उघडी ठेवून का बसतात?

दुपारी विजेच्या तारेवर किंवा कडुनिंबात बसलेला कावळा चोच उघडून धापा टाकताना सगळ्यांनी पाहिला असेल. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. त्यांच्या शरीराचे तापमान मुळातच ४० ते ४२ अंशांच्या आसपास असते. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. हवा ३५ अंशांची असेल तर पक्ष्याच्या शरीरातली उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा ४५ अंशांची झाली की प्रवाह उलटतो आणि बाहेरची उष्णता शरीरात शिरू लागते. अशा वेळी गार राहण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे बाष्पीभवन. माठ जसा पाझरून पाणी गार ठेवतो तसेच. पक्षी धापा टाकून, गळ्याची त्वचा थरथरवून तोंडातला ओलावा उडवतो आणि शरीर थंड ठेवतो.

म्हणजे ४५ अंशांच्या दुपारी पक्ष्याला पाणी केवळ तहानेसाठी लागत नाही, तापलेले शरीर गार ठेवण्यासाठीही तेच लागते. पाणी मिळाले नाही तर काही तासांत तो कोसळू शकतो. लहान पक्ष्याच्या शरीरात पाण्याचा साठाही कमी असतो, म्हणून चिमण्या, मुनिया यांना धोका अधिक.

टिटवी आणि पखुर्डी उन्हात पिल्ले कशी जगवतात?

उन्हाळ्यातच अंडी घालणारे पक्षीही आहेत आणि त्यांचे उपाय थक्क करणारे आहेत. टिटवी उघड्या जमिनीवर, नांगरटीच्या शेतात, नदीच्या गोट्यांत अंडी घालते. दुपारी जमीन एवढी तापते की अंड्यांना ऊब देण्याऐवजी गार ठेवावे लागते. टिटवी अंड्यांवर उभी राहून सावली धरते. शिवाय जवळच्या पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसते. पाणवठा फार लांब गेला तर या फेऱ्यांत अंडी उघडी पडतात.

पखुर्डी हा माळरानावरचा, मातीच्या रंगाचा पक्षी. सकाळी ठरलेल्या वेळी थव्याने पाण्यावर येतो. यातला नर पिल्लांसाठी पोटाच्या पिसांत पाणी भरून नेतो. आफ्रिकेतील पखुर्डीच्या एका जातीच्या पिसांचा अमेरिकेतील संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. या पिसांतले बारीक तंतू कोरडे असताना गुंडाळलेले असतात, ओले झाले की उलगडून उभे राहतात आणि त्यांच्या जाळीत पाणी अडकते. असा नर सुमारे २५ मिलीलिटर पाणी घेऊन उडू शकतो. पिल्ले त्याच्या पोटाची पिसे चोखून ते पितात. बाटलीतले पाणी प्रवासात डुचमळू नये यासाठी अभियंते आज या रचनेकडे पाहत आहेत.

नदीपात्रातही हा हंगाम विणीचा असतो. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या वाळूवर नदी सुरय, कंठेरी चिखल्या असे पक्षी अंडी घालतात. अंड्यांचा रंग वाळूसारखाच, त्यामुळे ती शिकाऱ्याला दिसत नाहीत. पण ट्रॅक्टर चालवणाऱ्यालाही दिसत नाहीत. वाळूचा उपसा नेमका याच दिवसांत जोरात असतो.

उन्हाळ्यात कोणते पक्षी येतात, कोणते जातात?

राज्यात पक्षी सप्ताह मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जयंतीनिमित्त ५ ते १२ नोव्हेंबरला साजरा होतो आणि हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांची वर्दळही असते. बेंबळा, पूस यांसारख्या धरणांवर उतरणारी परदेशी बदके मार्च-एप्रिलपर्यंत उत्तरेकडे परततात. त्यामुळे उन्हाळ्यात पाहण्यासारखे काही नाही असा समज आहे. तो खरा नाही.

पळस फुलला की मैना, बुलबुल, शिंजीर, कोतवाल मधासाठी गर्दी करतात. वड, पिंपळ, उंबर फळांनी लगडले की हरियाल येतो. पिवळ्या पायांचे हे हिरवे कबूतर आपला राज्यपक्षी. पानांत असा मिसळतो की झाडाखाली उभे राहूनही पटकन दिसत नाही. स्वर्गीय नर्तकाचा पांढराशुभ्र, लांब शेपटीचा नर नाल्याच्या सावलीत दिसण्याचे हे दिवस. मोर पिसारा फुलवू लागतो.

मे उतरणीला लागला की ‘पेरते व्हा’ अशी साद घालणारा पावशा ऐकू येतो. हा पक्षी बाहेरून येत नाही, फक्त विणीच्या हंगामात बोलू लागतो. अनेक जण त्यालाच चातक समजतात, पण चातक वेगळा. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला चातक मान्सूनच्या सुमारास आफ्रिकेकडून येतो. याच सुमारास दक्षिणेकडून नवरंग येतो आणि पहाटे, संध्याकाळी त्याची दोन सुरांची शीळ जंगलात घुमते. कावळ्याने घरटे शेंड्यावर बांधले की पाऊस कमी आणि मधल्या फांद्यांत बांधले की पाऊस चांगला, असा ठोकताळा आजही पारावर ऐकू येतो. पेरणीचा निर्णय त्यावर घेऊ नये. पण त्यानिमित्ताने कावळ्याचे घरटे पाहिले जाते, हेही खरे.

कृत्रिम पाणवठे वाढवले की प्रश्न सुटतो का?

काही प्रमाणात. वन विभाग उन्हाळ्यात टँकरने किंवा बोअरवेलवर सौरपंप बसवून पाणवठे भरतो. सौरपंपाचा फायदा असा, की ऊन जितके कडक तितका पंप चांगला चालतो, म्हणजे गरज आणि पुरवठा एकाच वेळी वाढतात. टँकरचा रस्ता आणि माणसांची ये-जाही वाचते.

पण पाणवठे कुठे आहेत हे त्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे. थोड्याच जागी पाणी असले की सगळे तृणभक्षी तिथे जमतात, भोवतीचा चारा संपतो, आजार एकापासून दुसऱ्याला लागतात. शिकाऱ्यांनाही नेमकी जागा कळते. पाण्यात विष कालवण्याचे प्रकार देशात घडले आहेत. पाणवठा गावाच्या अगदी कडेला केला तर प्राणी गावाकडे ओढला जातो. म्हणून जंगलाच्या आतल्या भागात, योग्य अंतरावर, नैसर्गिक झरे आणि नाले जिवंत ठेवणे हा टिकाऊ उपाय. पावसाळ्यापूर्वी गाळ काढलेला एक नाला जानेवारीऐवजी मार्चपर्यंत वाहिला, तरी त्या भागातले प्राणी दोन महिने उशिरा बाहेर पडतील.

शेतातल्या विहिरींचाही इथे संबंध येतो. कठडा नसलेल्या विहिरीत पाण्याच्या शोधात आलेला बिबट्या, रोही पडतो. पिकाभोवतीच्या तारेत वीज सोडली की वाघही मरतो आणि माणूसही.

सर्वाधिक धोका कोणाला?

मोहाची फुले रात्री आणि पहाटे गळतात. अस्वलाला ती आवडतात आणि माणसालाही. उजेड होण्याआधी झाडाखाली पोहोचले तर वेचणी चांगली होते. पण त्या वेळी अस्वलही तिथेच असते. तेंदूपत्ता तोडणारी व्यक्ती झुडपांत वाकून किंवा बसून काम करते. वाकलेला माणूस मागून चार पायांच्या प्राण्यासारखा दिसू शकतो. कोलाम पोडांवरच्या, तांड्यांवरच्या कुटुंबांसाठी ही दोन-तीन महिन्यांची कमाई वर्षाचा मोठा आधार असते. ‘जंगलात जाऊ नका’ हा सल्ला त्यांना देऊन उपयोग नाही.

पांढरकवडा-राळेगाव भागाने याची किंमत पाहिली आहे. टी-१ म्हणजेच ‘अवनी’ वाघिणीशी १३ जणांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घालण्यात आली. त्यावरचा वाद देशभर गाजला. त्या काळात गावांनी काढलेले दिवस मात्र इथल्याच लोकांना ठाऊक आहेत. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास राज्य सरकार वारसांना २५ लाख रुपये देते, पण गेलेला माणूस परत येत नाही.

म्हणून गटाने जाणे, चांगला उजेड झाल्यावरच जंगलात शिरणे, बोलत-आवाज करत राहणे, एकाने उभे राहून लक्ष ठेवणे आणि ताजे ठसे किंवा अर्धवट खाल्लेले जनावर दिसले की त्या बाजूला न जाणे, हे नियम पाळावेत. फुले नीट दिसावीत म्हणून मोहाखालचा पाचोळा पेटवू नये. तीच आग जंगलात पसरते आणि उरलासुरला चारा, जमिनीवरची घरटी जळतात. झाडाखाली जाळी बांधली तर फुले स्वच्छ मिळतात आणि आगही लागत नाही.

घरी, शेतावर काय करता येईल?

१. पक्ष्यांसाठी मातीचे पसरट भांडे ठेवा. पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको. मधे एक दगड ठेवा, म्हणजे लहान पक्षी बुडणार नाही.

२. भांडे सावलीत आणि मांजराला दबा धरता येणार नाही अशा जागी ठेवा. पाणी रोज बदला आणि भांडे घासा. घाणेरड्या पाण्यातून पक्ष्यांत रोग पसरतात आणि साचलेल्या पाण्यात डास होतात.

३. उष्माघाताने पडलेल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नका. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, त्यामुळे पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकते. हवेसाठी छिद्रे पाडलेल्या खोक्यात, सावलीत, शांत जागी ठेवा. जवळ उथळ पाणी ठेवा. सावरला की सोडा.

४. जमिनीवर दिसलेले पिसे फुटलेले पिल्लू बहुतेक वेळा उडायला शिकत असते आणि आई-बाप जवळच असतात. ते घरी आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्य पक्षी पाळणे, त्यांची अंडी घेणे गुन्हा आहे.

५. नांगरताना टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत असेल तर आसपास अंडी असणार. तेवढा तुकडा काही दिवस सोडता आला तर सोडा.

६. विहिरीला कठडा नसेल तर निदान काट्यांचे कुंपण करा.

७. वाघ, बिबट्या, अस्वल दिसले तर गर्दी करू नका, पाठलाग करू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. व्हिडीओ पसरवताना नेमकी जागा टाकू नका. बघ्यांसोबत शिकारीही तो पत्ता वाचतो.

व्हिडीओ आला तर काय विचारावे?

आम्ही आता असा व्हिडीओ आला की पाठवणाऱ्याला तीन प्रश्न विचारतो. कधीचा आहे, कुठला आहे आणि तिथून सर्वांत जवळचे पाणी कुठे आहे? पहिल्या दोन प्रश्नांत बरेच जुने, दुसऱ्या राज्यातले व्हिडीओ गळून जातात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा असे येते : ‘वरचा नाला महिनाभर झाला कोरडा आहे, आता फक्त आमच्या शेततळ्यातच पाणी आहे.’ बातमी बहुतेक वेळा त्या उत्तरातच असते.